शाळेचे दार आणि वस्तीची वेस

थर्गुड मार्शल यांचे नाव निघाले की १९५४ साल आठवते. त्या वर्षी १७ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात सरकारी शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवला. कृष्णवर्णीय पालकांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांचे नेतृत्व मार्शल यांच्याकडे होते, आणि पुढे तेच त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले, एवढे सुशिक्षित वाचकाला ठाऊक असते. विजयाची ही कथा खरी आहे. परंतु ती अर्धी आहे. उरलेली अर्धी कथा घरांची आहे. मूल कोणत्या शाळेत जाणार हे बहुधा त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते, आणि तो पत्ता कोणता असावा हे अमेरिकेत कित्येक दशके सरकारी धोरणाने ठरवले होते. शाळा आणि घर या दोन्ही आघाड्यांवर वकील म्हणून यशस्वी झालेले मार्शल, या दोन आघाड्या जेथे एकत्र आल्या तेथे न्यायमूर्ती म्हणून अल्पमतात राहिले. त्यांच्या चरित्रातला हा भाग कमी सांगितला जातो.

मार्शल यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरी झाला. वडील आगगाडीच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करीत, पुढे गोऱ्यांच्या एका क्लबात कारभारी झाले. आई कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. वडिलांना न्यायालयात जाऊन खटले ऐकण्याचा नाद होता आणि घरी जेवताना मुलांशी वाद घालण्याची हौस होती. वकिलीचे पहिले धडे मार्शल यांना तेथेच मिळाले.

ते दोन वर्षांचे असताना, डिसेंबर १९१० मध्ये, बाल्टिमोर नगरपालिकेने एक नियम संमत केला. ज्या गल्लीत गोऱ्यांची संख्या अधिक तेथे कृष्णवर्णीयाने राहावयास जाऊ नये आणि ज्या गल्लीत कृष्णवर्णीय अधिक तेथे गोऱ्याने जाऊ नये, असा तो नियम होता. वरकरणी दोघांनाही सारखाच लागू. प्रत्यक्षात कोणाला कोंडण्यासाठी होता हे उघड होते. अशा प्रकारचा त्या देशातील तो पहिलाच नियम, आणि दक्षिणेकडील अनेक शहरांनी त्याचा कित्ता गिरवला. १९१७ मध्ये लुईव्हिल शहराच्या अशाच नियमावरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, परंतु त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. कृष्णवर्णीयांना समान वागणूक मिळावी यापेक्षा, मालकाला आपली मिळकत हव्या त्या गिऱ्हाइकास विकता आली पाहिजे, या मालमत्तेच्या हक्कावर तो निकाल उभा होता. साहजिकच पळवाट लवकर सापडली. नगरपालिकेला जे उघडपणे करता येईना ते खरेदीखतांतील कलमांनी होऊ लागले. एका भागातील घरमालक आपसांत करार करीत, की आपले घर कृष्णवर्णीयास विकणार नाही वा भाड्याने देणार नाही. आणि कोणी करार मोडलाच तर शेजारी न्यायालयात जाऊन नव्या मालकास बाहेर काढीत. मार्शल वाढले ते अशा रीतीने आखून दिलेल्या शहरात. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे अशा मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा उलगडून सांगावयास नको.

मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. म्हणून मार्शल रोज आगगाडीने वॉशिंग्टनला जाऊन हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकले. शुल्कासाठी आईने आपल्या अंगठ्या गहाण टाकल्या. तेथे चार्ल्स ह्यूस्टन यांच्यासारखा कडक गुरू त्यांना लाभला आणि १९३३ मध्ये ते वर्गात पहिले येऊन बाहेर पडले. दोनच वर्षांनी ह्यूस्टन आणि मार्शल या गुरुशिष्यांनी डॉनल्ड मरे या विद्यार्थ्यासाठी दावा चालवून त्याच मेरीलँडच्या विधी महाविद्यालयाचे दार उघडावयास लावले. पुढील वीस वर्षांची रीत येथे ठरली. एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे वकील म्हणून मार्शल गावोगाव हिंडले, अनेकदा जिवावरच्या प्रसंगांतून गेले आणि उच्च शिक्षणापासून आरंभ करून एकेक पायरी खाली उतरत प्राथमिक शाळेपर्यंत येऊन पोहोचले. ब्राउन खटला हे त्या वाटेचे शेवटचे ठिकाण होते. ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे. त्याच वर्षांत गृहनिर्माणाच्या क्षेत्रात काय चालले होते ते मात्र थोडे सविस्तर पाहिले पाहिजे.

महामंदीत अमेरिकेतील गहाणकर्जाचा व्यवहार कोसळला. तो सावरण्यासाठी रूझवेल्ट सरकारने १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था काढली. तिने स्वतः घरे बांधली नाहीत की कर्जेही दिली नाहीत. बँकांनी दिलेल्या कर्जांची हमी घेतली. एवढ्याने चमत्कार झाला. पूर्वी घराच्या किमतीचा मोठा हिस्सा रोख भरावा लागे आणि उरलेले कर्ज थोड्या वर्षांत फेडावे लागे. आता अल्प रक्कम भरून दीर्घ मुदतीच्या हप्त्यांवर कारकुनाला आणि कामगारालाही घर घेता येऊ लागले. अमेरिकन मध्यमवर्गाची मालमत्ता बव्हंशी या हमीतून उभी राहिली. पण ही हमी कोणत्या घराला द्यावयाची? संस्थेच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत याचे उत्तर आहे. वस्ती एकाच वंशाची असावी, खरेदीखतांत निर्बंधाची कलमे असावीत, भिन्न वंशाच्या वस्तीपासून अलग करणारा एखादा नैसर्गिक वा कृत्रिम अडसर असल्यास उत्तम, असे ती पुस्तिका मूल्यमापन करणाऱ्यांना शिकवीत होती. एवढ्यावरही ती थांबली नाही. ज्या भागातील मुलांना भिन्न वंशाच्या मुलांचा मोठा भरणा असलेल्या शाळेत जावे लागते, तो भाग कर्जाच्या दृष्टीने कमी भरवशाचा धरावा, असेही तिने सांगितले. गृहनिर्माणाचे धोरण हेच शाळेचेही धोरण असते, हे समाजशास्त्रज्ञांनी पुढे सिद्ध केले म्हणतात. सरकारी मूल्यमापकांना ते तेव्हाच कळले होते.

डेट्रॉइट शहरात या नियमाचे अगदी विटामातीचे रूप पाहावयास मिळाले. आठ मैल मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याजवळ एका बांधकाम व्यावसायिकाला गोऱ्यांसाठी वसाहत उभारावयाची होती. शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती असल्याने हमी मिळेना. १९४१ मध्ये त्याने दोन्ही वस्त्यांच्या मध्ये सुमारे अर्धा मैल लांब आणि सहा फूट उंच भिंत बांधली, आणि हमी मिळाली.

याच डेट्रॉइटशी मार्शल यांचे नाते पुढे तीन वेळा जुळले. पहिल्यांदा १९४३ मध्ये. युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे शहरात माणसांचे लोंढे आले होते, घरे पुरत नव्हती, आणि कृष्णवर्णीयांना तर मोजक्या मोहल्ल्यांबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. आदल्या वर्षी कृष्णवर्णीय कामगारांसाठी बांधलेल्या सरकारी वसाहतीत कुटुंबे राहावयास येताना गोऱ्या जमावाने त्यांना अडवले होते. जून १९४३ मध्ये दंगल पेटली. ३४ माणसे मेली. त्यांत २५ कृष्णवर्णीय होते आणि त्यांतील १७ पोलिसांच्या हातून मेले. मार्शल यांनी तेथे जाऊन चौकशी केली आणि संघटनेच्या मासिकात पोलिसांच्या वर्तनाची कठोर झडती घेतली.

दुसरी गाठ पडली ती मॅकगी दांपत्याच्या निमित्ताने. त्यांनी डेट्रॉइटमधील गोऱ्यांच्या रस्त्यावर एक घर घेतले. शेजाऱ्यांनी जुन्या कराराचा आधार घेऊन दावा लावला आणि मिशिगनच्या न्यायालयांनी त्यांना घर सोडण्याचा हुकूम केला. मार्शल यांनी १९४५ मध्ये अशा खटल्यांत गुंतलेल्या वकिलांना शिकागोत एकत्र बोलावून मोर्चेबांधणी केली होती. सेंट लुईसच्या शेली कुटुंबाच्या खटल्याबरोबर मॅकगी खटला सर्वोच्च न्यायालयात आला, आणि तो मार्शल व लोरेन मिलर यांनी चालवला. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या सुनावणीस बसले नाहीत. कारण त्यांनी सांगितले नाही; त्यांच्या स्वतःच्या घरांच्या कागदपत्रांत अशीच कलमे असावीत असा समज मात्र सर्वत्र झाला. उरलेल्या सहांनी ३ मे १९४८ रोजी एकमताने निर्णय दिला. खाजगी करार करणे हा गुन्हा नव्हे, परंतु तो अमलात आणण्यासाठी न्यायालयाने आपले बळ वापरणे ही सरकारची कृती होय आणि ती समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता.

विजय मोठा होता, तरी त्याची मर्यादा मार्शल यांच्या ध्यानात लगेच आली. न्यायालयांनी करार अमलात आणणे थांबवले. गृहकर्जाची हमी देणारे सरकार मात्र अजून त्याच कलमांचा आग्रह धरून बसले होते. १९४९ च्या आरंभी त्यांनी अध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे या संस्थेच्या पक्षपाताविषयी सविस्तर निवेदन धाडले. अखेर फेब्रुवारी १९५० पासून संस्थेने नव्याने नोंदल्या जाणाऱ्या निर्बंधक कलमांच्या घरांना हमी देणे बंद केले. म्हणजे जुनी कलमे तशीच राहिली, आणि कलम न घालता गिऱ्हाइकाचा रंग पाहून घर नाकारणाऱ्या बांधकामदाराला कोणी विचारणारे नव्हते. न्यूयॉर्कजवळ लेव्हिट कंपनीने उभारलेल्या वसाहतीत सतरा हजारांवर घरे होती आणि ती कृष्णवर्णीयांना विकली जात नसत. पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाउनविरुद्धचा दावा १९५५ मध्ये फेडरल न्यायालयाने फेटाळला. ज्या वर्षांत घरे स्वस्त होती आणि हप्ते परवडत होते, नेमक्या त्या वर्षांत कृष्णवर्णीय कुटुंबे या बाजारातून बाहेर राहिली. पुढे दार उघडले तेव्हा भाव हाताबाहेर गेले होते.

आता ब्राउन खटल्याकडे या दृष्टीने पाहिले तर एक विसंगती दिसते. टोपेका शहरातील ज्या बालिकेच्या नावाने तो खटला गाजला तिचे घर गोऱ्या मुलांच्या शाळेपासून जवळ होते. कायद्यामुळे तिला दूरच्या शाळेत जावे लागे. दक्षिणेतील पुष्कळ गावांत हीच स्थिती होती. वस्त्या एकमेकींत मिसळलेल्या होत्या, म्हणून शाळा वेगळ्या ठेवण्यास कायदा लागत होता. असा कायदा रद्द केला की निदान तत्त्वतः प्रश्न सुटत होता. उत्तरेकडील शहरांत अशा कायद्याची गरजच नव्हती. तेथे वस्त्या अलग होत्या आणि मूल घराजवळच्या शाळेत जाई. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? अशा शाळांपुढे १९५४ चा निकाल कितीही वाचून दाखवला तरी त्यांत बदल होण्यासारखे काही नव्हते. निकालाच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयाने १९५५ मध्ये ठरावीक मुदत घातली नाही, म्हणून दक्षिणेनेही दहा वर्षे टाळाटाळ केली, ही गोष्ट निराळी.

मार्शल १९६१ मध्ये फेडरल अपील न्यायालयात गेले, १९६५ मध्ये सॉलिसिटर जनरल झाले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात घरांच्या विक्रीत व भाड्यात वंशभेदास बंदी करणारा कायदा झाला. ज्या न्यायालयासमोर त्यांनी एवढे खटले जिंकले तेथे आता त्यांचे स्वतःचे मत मोजले जाणार होते. परंतु काळ पालटत होता. निक्सन यांनी नेमलेले न्यायमूर्ती येऊ लागले आणि १९७१ नंतर मार्शल यांच्या लेखणीतून भिन्नमताची निकालपत्रे अधिकाधिक उतरू लागली.

एप्रिल १९७१ मधले दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २० एप्रिलला न्यायालयाने शार्लट-मेक्लेनबर्ग खटल्यात, शाळा एकत्र करण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळेत नेण्यास एकमताने मान्यता दिली. सहाच दिवसांनी कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने बहुमताने ठरवले, की गरिबांसाठी सरकारी घरे बांधण्यापूर्वी त्या गावातील मतदारांचा कौल घेण्याची सक्ती करणारी राज्यघटनेतील तरतूद वैध आहे. रस्ते, वसाहती, श्रीमंतांचे बंगले यांना कौल लागत नाही, तो गरिबांच्या घरांनाच का, हा मार्शल यांचा आक्षेप होता. त्यांच्या बाजूला आणखी दोघेच न्यायमूर्ती होते. बस चालेल पण घर चालणार नाही, असाच या दोन निकालांचा एकत्रित परिणाम झाला. मुलाला सकाळी गोऱ्यांच्या वस्तीत न्यावयाचे आणि संध्याकाळी परत आणावयाचे. त्याच्या आईबापांनी तेथे राहावयास येणे हा मात्र मतदारांच्या मर्जीचा प्रश्न! बसविरुद्ध जो रोष पुढे उसळला त्याचे खापर न्यायालयांवर फुटले, पण सोपा मार्ग आधीच बंद केला होता ही गोष्ट विसरली गेली.

१९७३ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियोचा खटला आला. अमेरिकेत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ताकरातून भागतो आणि प्रत्येक शिक्षण मंडळाची हद्द व करवसुली वेगळी असते. एजवुड या बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या गरीब भागात दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची होती. त्याच शहरातील अलामो हाइट्स या सधन भागात ती ४९,००० डॉलरहून अधिक होती. एजवुडचे रहिवासी शंभर डॉलरला १.०५ डॉलर या दराने कर भरीत, अलामो हाइट्सचे ०.८५ डॉलरने. अधिक दराने कर भरूनही, राज्याचे व केंद्राचे साहाय्य धरून एजवुडच्या मुलावर वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत, अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ही पद्धत घटनेशी सुसंगत ठरवली. मार्शल यांनी दीर्घ भिन्नमत लिहिले. मुलाच्या शिक्षणाचा दर्जा शेजाऱ्यांच्या घरांच्या किमतीवर अवलंबून ठेवणे त्यांना असमर्थनीय वाटत होते.

आणि मग तिसऱ्यांदा डेट्रॉइट. तेथील शाळांत १९७० च्या सुमारास सुमारे ६४ टक्के मुले कृष्णवर्णीय होती आणि गोरी कुटुंबे उपनगरांत जात होती. न्यायाधीश स्टीफन रॉथ आरंभी पालकांच्या दाव्याविषयी साशंक होते. साक्षीपुरावा सुरू झाला तो घरांपासून: कर्जाची हमी, निर्बंधक कलमे, दलालांचे व्यवहार, सरकारी वसाहतींच्या जागा. रॉथ यांचे मत पालटले. सप्टेंबर १९७१ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला, की वस्त्या अलग पडण्यात सर्व पातळ्यांवरील सरकारांचा हात आहे. केवळ डेट्रॉइटच्या हद्दीत मुलांची वाटणी बदलून उपयोग नाही हे ओळखून त्यांनी ५३ उपनगरी शिक्षण मंडळांनाही योजनेत घेतले. सुमारे ७ लाख ८० हजार मुलांचा प्रश्न होता. अपील न्यायालयाने ही व्यापक योजना तत्त्वतः मान्य केली, परंतु घरांविषयीच्या पुराव्यावर आपण विसंबत नाही असे नमूद केले. सगळी इमारत ज्या पायावर उभी तोच काढून घेतल्यासारखे ते झाले.

२५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती योजना रद्द केली. उपनगरांनी स्वतः वंशभेद केल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून त्यांच्या हद्दी ओलांडता येणार नाहीत, असे बहुमताचे म्हणणे होते. बहुमतातील एका न्यायमूर्तींनी तर वस्त्या अशा का झाल्या याची कारणे अज्ञात, कदाचित अज्ञेयच, असल्याचे लिहिले. मॅकगी दांपत्याचा खटला चालवलेल्या, दंगलीनंतर डेट्रॉइटच्या रस्त्यांवरून हिंडलेल्या मार्शल यांना ते वाचून काय वाटले असेल याची कल्पना करता येते. त्यांच्या भिन्नमतात संताप आहे, पण युक्तिवाद थंडपणे केलेला आहे. शिक्षण मंडळे ही मिशिगन राज्याचीच निर्मिती, अपराध राज्याकडूनही घडलेला, मग राज्यानेच आखलेली रेषा उपायाच्या आड कशी येते? या निर्णयाने महानगरांची दोन शहरांत, एका गोऱ्या आणि एका काळ्या, विभागणी होऊ दिली जाईल आणि देशाला पुढे त्याचा पश्चात्ताप होईल, असा इशारा त्यांनी दिला.

हद्दीला एवढे महत्त्व का, हे केंटकीतील लुईव्हिलवरून कळते. १९१७ चा तो निकाल ज्या शहरामुळे लागला तेच हे. तेथे १९७५ मध्ये शहर व भोवतालचा परगणा यांची शिक्षण मंडळे एक झाली आणि बसयोजनाही सुरू झाली. आरंभी निदर्शने झाली, जाळपोळही झाली. पण उपनगरात घर घेऊन शाळा बदलण्याची सोय उरली नसल्याने व्यवस्था स्थिरावली; न्यायालयाची सक्ती संपल्यावरही मंडळाने ती स्वखुशीने चालू ठेवली. वंश पाहून मुलांना शाळा नेमून देण्याची तेथील पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली, तेव्हा मंडळाने मुलाच्या वस्तीची आर्थिक स्थिती हा निकष धरला. डेट्रॉइटला हा मार्ग उपलब्धच ठेवला नव्हता.

मार्शल यांचे या विषयावरील शेवटचे मोठे भिन्नमत जानेवारी १९९१ मधले, ओक्लाहोमा सिटीच्या खटल्यातले. तेथे बसयोजना थांबवून मुलांना पुन्हा घराजवळच्या शाळा दिल्यावर ६४ प्राथमिक शाळांपैकी ११ शाळांत नव्वद टक्क्यांहून अधिक मुले कृष्णवर्णीय होणार होती आणि २२ शाळांत तितकीच कृष्णवर्णीयेतर. बहुमताने न्यायालयीन देखरेख संपवण्याची वाट मोकळी केली. एकवंशीय शाळा पुन्हा दिसत असताना काम संपले कसे म्हणावयाचे, हा मार्शल यांचा प्रश्न होता. जूनमध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. २४ जानेवारी १९९३ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

डेट्रॉइटचा निकाल लागला त्याच १९७४ साली मार्शल यांच्या मेरीलँडमध्ये, मॉन्टगोमेरी परगण्यात, एक नियम लागू झाला होता. मोठी वसाहत बांधणाऱ्याने तिच्यातील ठरावीक घरे बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखली पाहिजेत आणि त्यांतील एक तृतीयांशापर्यंत घरे सार्वजनिक गृहसंस्थेला विकत घेता यावीत, अशी ती व्यवस्था. संस्था ती घरे गरीब कुटुंबांना भाड्याने देते. कोणाला कोठले घर मिळेल ते सोडतीसारख्या पद्धतीने ठरते. या कुटुंबांतील सुमारे साडेआठशे मुलांच्या २००१ ते २००७ या काळातील प्रगतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. परगण्याने गरीब वस्तीतील शाळांवर दर मुलामागे जादा पैसे खर्च केले होते. तरीही सधन वस्तीत घर मिळून तेथील शाळेत गेलेली गरीब मुले प्राथमिक शाळेच्या अखेरीस गणितात आणि वाचनात, गरीब वस्तीतील शाळांत गेलेल्या आपल्यासारख्याच मुलांच्या स्पष्टपणे पुढे होती. त्यांना बसने कोणत्याही परक्या वस्तीत नेले नव्हते. ती आपल्या घराजवळच्या शाळेत गेली होती.